घड्याळ कोणाचं?

काकांची नोकरी इंदूरला झाली, राजा रामण्णा केंद्रात. इंडस-२ या सिंक्रोट्रॉनचे पंप, निर्वात नळ्या आणि त्यांतल्या सुईच्या टोकाएवढ्या गळत्या शोधण्यात त्यांची वर्षं गेली. १७२ मीटर घेराच्या त्या रिंगमध्ये २.५ जीईव्ही ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात आणि वळताना क्ष-किरण टाकतात. पुतणी लेझरवाली. तिच्या मते क्ष-किरणांसाठी एवढा पसारा दर वेळी मांडायलाच हवा असं नाही. ताकदवान लेझरची पल्स वेगवान इलेक्ट्रॉनांच्या गठ्ठ्यावर आदळवली तरी क्ष-किरण निघतात, तेही अतिशय आखूड पल्समध्ये, आणि एवढं सगळं एका मोठ्या खोलीत मावतं. काकांना यातलं पहिलं वाक्य मान्य आहे, दुसरं अर्धवट मान्य आहे, आणि खोलीचं नाव काढलं की ते हसतात.

मी भौतिकशास्त्राचा माणूस नाही. म्हणून भांडण सुरू व्हायच्या आधी तत्त्व समजावून मागितलं.

काका : तत्त्वाबद्दल भांडण नाहीच, ते मीच सांगतो. कॉम्प्टननं १९२३ मध्ये दाखवलं की एक्स-रे जागच्या इलेक्ट्रॉनवर आपटला की थोडी ऊर्जा त्याला देऊन बाहेर पडतो. त्याला १९२७ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. इथे नेमकं उलटं. ऊर्जा इलेक्ट्रॉनकडे आहे, प्रकाश बिचारा फाटका. समोरून येणाऱ्या गाडीचा भोंगा चढा ऐकू येतो ना, तसा धावत्या इलेक्ट्रॉनला समोरचा लेझर चढा दिसतो. त्या तालावर तो थरथरतो आणि तोच प्रकाश पुन्हा बाहेर फेकतो. आपण उभे त्याच्या वाटेत, म्हणून आपल्याला तो आणखी एकदा चढलेला मिळतो. दोन्ही चढ मिळून किती? इलेक्ट्रॉनची ऊर्जा त्याच्या स्थिर वस्तुमानाच्या ऊर्जेच्या जितकी पट, त्या आकड्याला आम्ही गॅमा म्हणतो. गॅमाचा वर्ग, गुणिले चार. ५० एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनचा गॅमा ९८. म्हणजे सुमारे ३८ हजार पट. लेझरचा दीड ईव्हीचा फोटॉन ६० केईव्हीचा होऊन निघतो.

पुतणी : आता तुमच्या यंत्राच्या भाषेत सांगते. सिंक्रोट्रॉनमध्ये अनड्युलेटर असतो, उत्तर-दक्षिण-उत्तर अशी चुंबकांची रांग. इलेक्ट्रॉन तिच्यातून नागमोडी जातो. एक नागमोड होते दोनेक सेंटीमीटरची. त्यातून एक अँग्स्ट्रॉमचे एक्स-रे काढायचे तर इलेक्ट्रॉनला ५ जीईव्ही ऊर्जा द्यावी लागते. लेझरची लाटसुद्धा अनड्युलेटरच आहे, फक्त तिची नागमोड एका मायक्रॉनपेक्षाही छोटी. मग त्याच एक अँग्स्ट्रॉमसाठी २३ एमईव्ही पुरतात. दोनशेव्या हिश्शाहून कमी. शेकडो मीटरच्या रिंगऐवजी दोन-चार मीटरची नळी.

काका : आणि आउटपुट? ते पण दोनशेव्या हिश्शाचंच का? नाही! ते सांग की.

इथे काकांनी विजेच्या बिलाचा पाठकोरा कागद ओढला. हिशेब त्यांच्याच अक्षरात माझ्याकडे आहे, तो असा. एक जूलची लेझर पल्स म्हणजे चारावर अठरा शून्यं इतके फोटॉन. एक नॅनोकूलोंबचा इलेक्ट्रॉनांचा गठ्ठा म्हणजे सुमारे ६२४ कोटी इलेक्ट्रॉन. दोन्ही दहाव्या हिश्शाच्या मिलिमीटरएवढ्या ठिपक्यात एकमेकांत घुसवायचे. आता इलेक्ट्रॉन फोटॉनला ‘दिसतो’ केवढा? तो आकडा निसर्गानं ठरवून दिलेला आहे. त्याला थॉमसन क्रॉस-सेक्शन म्हणतात. चौरस सेंटीमीटरमध्ये मांडला तर दशांशचिन्हानंतर चोवीस शून्यं आणि मग ६६५. सगळं गुणून-भागून एका टकरीत १६-१७ कोटी एक्स-रे फोटॉन निघतात.

पुतणी : वाईट आहेत का?

काका : पुढे ऐक. हे सगळ्या दिशांचे, सगळ्या ऊर्जांचे मिळून झाले. तुला प्रयोगाला एका ऊर्जेचे, समजा एक टक्क्याच्या पट्ट्यातले लागतात. म्हणजे कोटींवरून लाखांवर आलीस. लेझरच्या दर २४०० कोटी फोटॉनांतला एक कामी आला, बाकीचे सगळे जसे आले तसे पलीकडे गेले. आणि तिकडे स्टॅनफर्डला एलसीएलएस आहे, २००९ पासून. सरळ रेषेतला इलेक्ट्रॉन त्वरक, पुढे शंभर मीटरच्या वर अनड्युलेटर. त्याची एक पल्स एक लाख कोटी फोटॉनांची. एक लाख कोटी, कळलं? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मी बावळटासारखं विचारलं, की मग लेझरच वाढवा ना. त्यावर दोघंही एकदम माझ्यावर आले, आणि त्या संध्याकाळी तेवढ्या एका मुद्द्यावर त्यांचं एकमत झालं. लेझर एका मर्यादेपलीकडे तीव्र केला, म्हणजे चौरस सेंटीमीटरला एकावर अठरा शून्यं इतक्या वॉटच्या पुढे नेला, की त्या लाटेत इलेक्ट्रॉन स्वतःच प्रकाशाच्या वेगाजवळ हेलकावे खाऊ लागतो. मग साधी थरथर उरत नाही. लाटेचं चुंबकीय क्षेत्रही त्याला ढकलू लागतं. एकाऐवजी अनेक फोटॉन गिळून एक फेकायची सवय त्याला लागते, आणि निघणाऱ्या किरणांची ऊर्जा इकडेतिकडे पसरते. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठात २०१७ मध्ये असे प्रयोग झाले. तिथे एका एक्स-रे फोटॉनपाठी लेझरचे शेकडो फोटॉन खर्ची पडले. भौतिकशास्त्र म्हणून मोठी मजा, पण स्वच्छ एका रंगाचा झोत ज्याला हवा त्याचं काम बिघडलं.

पुतणी : काका, तुम्ही फोटॉन मोजताय. मी वेळ मोजतेय. तुमच्या रिंगमधली पल्स किती लांब?

काका : काही दहा पिकोसेकंद.

पुतणी : आणि अणू हलायला किती वेळ लागतो? घन पदार्थात अणू सेकंदाला हजारेक मीटरच्या वेगानं सरकतात असं धरा. दोन अणूंमधलं अंतर एक-दोन अँग्स्ट्रॉम. तेवढं सरकायला शंभर-दोनशे फेम्टोसेकंद. तुमची पल्स याच्या शेकडो पट लांब. बंध तुटला, नवा जुळला, स्फटिक वितळला, सगळं होऊन गेल्यावर तुमचा फोटो निघतो. त्यात लाख कोटी फोटॉन असले काय आणि नसले काय!

काका : रिंगचं खरं आहे. पुढे बोल.

पुतणी : १९९६. बर्कलेची लॉरेन्स प्रयोगशाळा. शोएनलाइन, लीमन्स आणि मंडळी. आपले स्वपन चट्टोपाध्यायही त्या पेपरात आहेत. तिथल्या सिंक्रोट्रॉनला इलेक्ट्रॉन पुरवणारा ५० एमईव्हीचा छोटा त्वरक होता, त्याचाच झोत घेतला. शंभर फेम्टोसेकंदांची लेझर पल्स त्यावर मारली, पण समोरून नाही, काटकोनात. निघाले ३० केईव्हीचे एक्स-रे, ०.४ अँग्स्ट्रॉमचे, आणि पल्स फक्त तीनशे फेम्टोसेकंदांची. एवढ्या कठीण एक्स-रेंची इतकी आखूड पल्स तोवर कुठल्या त्वरकातून निघाली नव्हती.

काका : काटकोनात का, तेही सांग. यांना तेच कळायला हवं.

ती सांगत असताना मी तीनदा थांबवलं, पण गोष्ट खरोखर सुंदर आहे. इलेक्ट्रॉनांचा गठ्ठा काही मिलिमीटर लांब. म्हणजे प्रकाशाच्या वेगानं एका जागेवरून पूर्ण निघून जायला त्याला दहा-वीस पिकोसेकंद लागतात. लेझर समोरून आणला तर पूर्ण गठ्ठा त्यातून जाणार, आणि एक्स-रेची पल्सही तेवढीच लांबणार, लेझर कितीही आखूड असला तरी. कारण निघालेले किरण इलेक्ट्रॉनांच्या बरोबरीनंच पुढे पळत असतात. गठ्ठ्याचं डोकं पुढे, शेपूट मागे, आणि किरणांचंही तसंच. लेझर आडवा आणला तर तो गठ्ठ्याची एक पातळ चकती कापून पलीकडे जातो. गठ्ठ्याची जाडी त्या जागी नव्वद मायक्रॉनवर आणली होती. प्रकाशाला नव्वद मायक्रॉन ओलांडायला लागतात तीनशे फेम्टोसेकंद. पल्सची लांबी तिथून आली.

काका : आणि उरलेला गठ्ठा वाया. शंभरातले एक-दोन इलेक्ट्रॉन कामाला, बाकीचे फुकट. शिवाय काटकोनात चढ अर्धाच मिळतो, म्हणून साठाचे तीस केईव्ही झाले. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत.

पुतणी : पण ते कापणं तुमच्याच उपयोगाला आलं की! लेझर पुढेमागे सरकवत गठ्ठ्याच्या एकेक चकतीतून किती एक्स-रे येतात ते त्यांनी पाहिलं, आणि गठ्ठा आतून कसा आहे ते मोजलं.

काका : ते मान्य. त्याच्याही आधी, नव्वदच्या दशकाच्या मध्यात, स्टॅनफर्डच्या त्वरकावर जपानी शिंताके यांनी दोन लेझर झोतांची झेब्रापट्टी करून तिच्यातून इलेक्ट्रॉनांचा झोत नेला. पट्टा उजळ की काळा, त्याप्रमाणे विखुरलेले गॅमा किरण कमीजास्त व्हायचे. त्यावरून झोताची उंची काढली, सत्तरेक नॅनोमीटर. झोतात तार धरून हे मोजता येत नाही, तार जळून जाते. मोजमापाचं साधन म्हणून तुझा लेझर मला हवाच आहे, बेटा. माझा प्रश्न उजेडाचं साधन म्हणून आहे. बर्कलेवाल्यांनी स्वतः पुढे काय केलं? चार वर्षांत, २००० साली, त्याच शोएनलाइन मंडळींनी रिंगमध्येच लेझर घुसवला. टकरीतून एक्स-रे काढायच्या भानगडीत न पडता लेझरनं गठ्ठ्यातल्या एका चकतीची ऊर्जा बदलली, ती चकती वेगळ्या वाटेला लावली आणि तिचा सिंक्रोट्रॉन प्रकाश वापरला. मग एलसीएलएस आलं आणि विषयच संपला. आता तिथे एक फेम्टोसेकंदाहूनही छोट्या पल्स निघतात. तुझं आखूडपणही तिथे, माझे फोटॉनही तिथे.

इथे पुतणीची पंचाईत झाली असं मला वाटलं. एलसीएलएससारखी यंत्रं जगात किती, तर हाताच्या बोटांवर : अमेरिका, जपान, कोरिया, स्वित्झर्लंड, जर्मनी. हॅम्बुर्गजवळचं तर ३.४ किलोमीटर लांब आहे. कितीतरी महिने आधी अर्ज करायचा, मंजूर झाला तर चार-पाच दिवस मिळायचे, त्यात लेझर रुसला तर हात हलवत परत. हे तिनं सांगितलं खरं, पण ही गैरसोय झाली. काकांच्या मुद्द्याचं उत्तर नव्हे. तिलाही ते माहीत असावं, कारण तिनं लगेच मोहरा बदलला.

पुतणी : आखूड पल्स असून भागत नाही, काका. ती नेमकी केव्हा आली हे कळायला हवं. माझा प्रयोग असा असतो : एका लेझर पल्सनं पदार्थाला धक्का द्यायचा, दोनशे फेम्टोसेकंदांनी एक्स-रेनं फोटो काढायचा. मग तीनशे, मग चारशे. एक्स-रेची पल्स दहा फेम्टोसेकंदांची आहे, पण ती दर वेळी शंभर-दोनशे फेम्टोसेकंद इकडेतिकडे येत असेल, तर माझा फोटो हललेलाच. एलसीएलएसला सुरुवातीला हेच होत होतं. त्वरकाचं घड्याळ रेडिओलहरींचं, लेझरचं घड्याळ वेगळं, दोघांची गाठ किलोमीटरभर केबलनं बांधलेली. माझ्याकडे धक्का देणारा आणि एक्स-रे बनवणारा लेझर एकच. एक झोत, आरशानं दोन वाटा केलेल्या. एकच घड्याळ.

काका : त्यांनी तोडगा काढला. प्रत्येक पल्स लेझरच्या किती पुढेमागे आली ते मोजायचं आणि नंतर संगणकात क्रमानं लावायचं. दहाएक फेम्टोसेकंदांपर्यंत येतं आता.

पुतणी : मोजून लावणं वेगळं आणि मुळातच एकत्र असणं वेगळं.

काका : थांब, थांब. मुळात एकत्र म्हणालीस. मघाशी तूच सांगितलंस की समोरासमोरच्या टकरीत एक्स-रे इलेक्ट्रॉनांच्या बरोबरीनं पळतात. मग ते प्रयोगाच्या जागी केव्हा पोचणार? इलेक्ट्रॉन पोचतील तेव्हा! लेझर दोनशे फेम्टोसेकंद उशिरा आला तर टक्कर जरा अलीकडे-पलीकडे होईल, पण किरणांची पोचायची वेळ बदलणार नाही. घड्याळ इलेक्ट्रॉनांचं झालं. आणि इलेक्ट्रॉनांचं घड्याळ म्हणजे माझं रेडिओलहरींचंच.

मला हे पचायला वेळ लागला, तिला अजिबात नाही.

पुतणी : बरोबर आहे. म्हणूनच बर्कलेचा काटकोन मला आवडतो. आडव्या टकरीत किरण कुठे आणि केव्हा जन्मले हे लेझरच ठरवतो. गठ्ठा पिकोसेकंदभर लवकर आला तरी हरकत नाही, लेझरला कापायला कुठली तरी चकती सापडतेच. तुम्ही ज्याला वाया म्हणता ते अठ्ठ्याण्णव टक्के इलेक्ट्रॉन देऊन त्यांनी घड्याळ विकत घेतलं.

काका : महाग पडलं.

पुतणी : म्हणून इलेक्ट्रॉनच लेझरनं बनवायचे. ताजिमा आणि डॉसन यांनी १९७९ मध्येच ते कागदावर मांडलं होतं. वायूच्या फवाऱ्यात तीव्र लेझर पल्स सोडली की मागे प्लाझ्माची लाट उठते आणि तीवर इलेक्ट्रॉन स्वार होतात. २००४ मध्ये लंडन, बर्कले आणि पॅरिसजवळच्या गटांनी एकाच वेळी दाखवलं की यातून बऱ्यापैकी एका ऊर्जेचे इलेक्ट्रॉन निघतात. तुमच्या तांब्याच्या पोकळीत मीटरभरात जेवढी ऊर्जा मिळते, तेवढी इथे मिलिमीटरच्या आत. आणि गठ्ठा काही फेम्टोसेकंदांचा. आता समोरासमोर टक्कर द्या, पल्स आखूडच राहणार. घड्याळ इलेक्ट्रॉनांचं म्हणालात, तर इलेक्ट्रॉन लेझरच्याच पोटचे. २०१२ मध्ये पॅरिसजवळ पालेझोला तर दुसरा लेझरही ठेवला नाही. फवाऱ्याच्या पुढे एक पातळ पत्रा उभा केला. लेझर पल्स पुढे, तिच्या मागून तिनंच हाकललेले इलेक्ट्रॉन. पल्स पत्र्यावर आपटून उलटी फिरली आणि आपल्याच इलेक्ट्रॉनांना भिडली. नेम धरायचं कामच नाही.

काका : सुरेख. खरंच सुरेख. वर्णपट कसा होता?

पुतणी : (जरा थांबून) पसरट. काहीशे केईव्हीपर्यंत.

काका : बोलाचीच कढी मग. एक टक्क्याच्या पट्ट्यात काय उरलं?

पुतणी : पसरट झोतानंही स्फटिकाचे काही प्रकारचे फोटो निघतात. पण एका रेणूचा फोटो मी यातून काढू बघणार नाही, तिथे एलसीएलएसलाच जावं. माझं काम वेगळं. मला लोखंडाच्या आत बघायचंय, धक्का बसल्याबसल्या. ८ केईव्हीचे एक्स-रे लोखंडात चार मायक्रॉनमध्येच बरेचसे संपतात. ६० केईव्हीचे मिलिमीटरभर आत जातात. तुमची मोठी यंत्रं वीस-पंचवीस केईव्हीच्या पुढे जाताना दमतात. मी लेझर तोच ठेवून इलेक्ट्रॉनांची ऊर्जा दुप्पट केली की माझ्या किरणांची चौपट होते.

माझ्या मते वाद इथे खरा जागेवर आला. काका ज्या प्रयोगांसाठी बोलत होते तिथे काकांचंच खरं, आणि त्यांची यादी मोठी आहे. पुतणीची यादी छोटी, पण त्या यादीतली कामं दुसरं कुणी करत नाही. मी हे म्हणून दाखवलं. दोघांनीही लक्ष दिलं नाही.

काका : दहा फटके मारलेस तर किती सारखे येतात?

पुतणी : ऊर्जा काही टक्क्यांनी हलते. झोत थोडा डोलतो. म्हणून दर फटक्याला इलेक्ट्रॉनांची ऊर्जा चुंबकानं मोजायची आणि नंतर क्रम लावायचा.

काका : मोजून लावणं वेगळं आणि मुळातच एकत्र असणं वेगळं, असं मघाशी कोण म्हणालं?

पुतणी : काका!

काका : बरं, सेकंदाला फटके किती?

पुतणी : दहा धरा.

काका : तासाला ३६ हजार. फटक्याला कामाचे दहा लाख फोटॉन धरतो, उदार होऊन. ३,६०० कोटी झाले. एलसीएलएसच्या एका पल्सचा अठ्ठाविसावा हिस्सा, तुझ्या तासाभरात.

पुतणी : साठ केईव्हीचे. आणि यंत्र माझं, तास हवे तितके.

काका : वायूचा फवारा म्हणालीस ना? दर फटक्याला?

पुतणी : हो, झडप काही मिलिसेकंद उघडते.

काका : मग सेकंदाला दहा विसर. एका फवाऱ्याचा वायू ओढून होईपर्यंत दुसरा आत येणार, आणि लेझर तिथवर पोचायच्या आधीच वाटेतल्या वायूत बिघडणार. टर्बो पंप किती लिटरचा लावलाय?

तिनं सांगितलेला आकडा ऐकून काका नुसतेच हसले आणि बिलाचा कागद पुन्हा पुढे ओढला.